डोक्याला मार लागल्यानंतर गिळणं अडतं तेव्हा: आधी नेमकी जागा शोधा, मग उपाय करा

अपघातातून माणूस वाचला, शुद्धीवर आला, घरच्यांना ओळखू लागला की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो: याला तोंडाने खायला कधी द्यायचं? प्रश्न साहजिक आहे, पण अपुरा आहे. त्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. गिळणं नेमकं कुठे अडतंय? कोणत्या बाजूला अडतंय? आणि अन्न चुकून श्वासनलिकेत गेलं तर त्याला ते कळतंय का? यांची उत्तरं मिळाली की पुढचं बरंचसं ठरतं. ती न शोधता 'पाणी दाट करून द्या, हनुवटी खाली ठेवा' असा सरसकट सल्ला पाळला, तर काहींना फायदा होतो, काहींना काहीच होत नाही आणि काहींना चक्क अपाय होतो.

हे मार्गदर्शन अशा रुग्णाची रोज काळजी घेणाऱ्यांसाठी आहे. निदान आणि निर्णय डॉक्टरांचे आणि गिळण्याच्या उपचारांत प्रशिक्षित स्पीच थेरपिस्टचे. पण दिवसातून अनेकदा भरवणारा हात घरच्यांचा असतो आणि आपण असंच का करतोय हे त्या हाताला ठाऊक असावं लागतं.

एका घोटात काय घडतं

घास तोंडात गेला की ओठ मिटतात, गाल आत दाबले जातात, जबडा चावतो आणि जीभ घासाचा गोळा करून मागे ढकलते. इथवरचं काम आपल्या ताब्यात असतं, पुढचं नसतं. गोळा घशाशी पोचला की साधारण एका सेकंदात मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, स्वरतंतू घट्ट मिटतात, घशाचे स्नायू घास खाली रेटतात आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. या सगळ्याच्या वेळा जुळल्या नाहीत, तर घास किंवा घोट श्वासाच्या वाटेला लागतो.

मेंदूपासून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. डॉक्टर त्यांना क्रेनियल नर्व्ह म्हणतात आणि क्रमांकाने ओळखतात. गिळण्याचा भार मुख्यतः त्यातल्या पाच जोड्यांवर आहे: पाचवी, सातवी, नववी, दहावी आणि बारावी. कोणती नस दुखावली की काय दिसतं, हे सावकाश वाचा, कारण पुढचे सगळे उपाय इथूनच निघतात.

पाचवी नस चावण्याचे स्नायू चालवते आणि चेहऱ्याची, गालाच्या आतली, जिभेच्या पुढच्या भागाची जाणीव मेंदूला पोचवते. ती एका बाजूला बिघडली तर तोंड उघडताना जबडा त्या बाजूला सरकतो. जाणीव गेली असेल तर गालात घास उरलाय हे माणसाला कळतच नाही. 'तोंडात काही आहे का?' असं विचारलं तर तो मनापासून 'नाही' म्हणतो, आणि बोट फिरवलं की अख्खा घास सापडतो. तो खोटं बोलत नसतो.

सातवी नस ओठ आणि गाल सांभाळते. ती कानामागच्या हाडातून वाट काढत चेहऱ्याकडे येते, म्हणून त्या हाडाला फ्रॅक्चर झालं की तिला इजा होऊ शकते. ओठाच्या कोपऱ्यातून पाणी गळतं, अन्न गाल आणि हिरडीच्या मध्ये साचतं, डोळा नीट मिटत नाही. कपाळाकडे लक्ष द्या. एका बाजूच्या कपाळाला आठीही पडत नसेल, तर इजा बहुधा नसेला आहे. कपाळ हलतंय आणि फक्त खालचा चेहरा ओढलेला आहे, तर बिघाड बहुधा मेंदूत आहे. चेहऱ्याचा लकवा मार लागताक्षणी आला की काही दिवसांनी, हे डॉक्टरांना नक्की सांगा. उशिरा आलेला लकवा सुधारण्याची शक्यता जास्त असते आणि उपचारांची दिशाही त्यावर ठरते.

नववी नस घशाची आणि जिभेच्या मागच्या भागाची जाणीव पोचवते, त्यामुळे ती बिघडली तर गिळण्याची क्रिया उशिरा सुरू होते. ती एकटी क्वचितच बिघडते, बहुधा दहावीच्या सोबत.

दहावी सगळ्यात महत्त्वाची. मऊ टाळू, घशाचे स्नायू, स्वरतंतू, स्वरयंत्राची जाणीव, अन्ननलिकेचं दार, सगळं तिच्याकडे. ती वरच्या टोकाला, कवटीच्या तळाशी दुखावली तर एकाच बाजूचं हे सगळं एकदम कमकुवत होतं. आवाज घोगरा किंवा नुसती हवा सुटल्यासारखा येतो, पाणी नाकातून परत येतं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. 'आ' म्हणायला लावलं तर पडजीभ चांगल्या बाजूकडे ओढली जाते. आणि खोकला दुबळा होतो. स्वरतंतू मिटल्याशिवाय जोराचा खोकला येतच नाही, म्हणजे चूक घडायची शक्यता वाढते आणि ती सुधारायचं साधनही हातून जातं.

बारावी नस जिभेची. जीभ बाहेर काढली की ती दुबळ्या बाजूला वळते. पडजीभ चांगल्या बाजूला आणि जीभ दुबळ्या बाजूला, हा उलटा हिशोब डोक्यात ठेवा. बघताना गोंधळ होत नाही.

पहिली नस वासाची. ती गिळण्यात भाग घेत नाही, पण डोक्याच्या दुखापतीत तिला वारंवार इजा होते. वास गेला की चवीतली मजाही जाते. 'खातच नाही' ही तक्रार कधी कधी गिळण्याची नसून वासाची असते.

नस, मेंदू की श्वासाची नळी?

खरं सांगायचं तर डोक्याच्या दुखापतीनंतर गिळायला त्रास होणाऱ्या बहुतेकांमध्ये एकट्या नसेचा दोष नसतो. मेंदूलाच मार बसलेला असतो, गुंगी असते, लक्ष टिकत नाही किंवा उतावळेपणाने माणूस एकावर एक घास कोंबतो. बरेच दिवस श्वासाची नळी घशातून घातलेली असेल तर स्वरयंत्राला सूज किंवा जखम असू शकते. गळ्याला छिद्र पाडून ट्रेकिऑस्टॉमी केली असेल तर ती वेगळी अडचण. तिच्या नळीभोवतीचा फुगा फुगवलेला आहे म्हणून आत काही जाणार नाही, असं समजू नका. फुग्याच्या कडेने लाळ झिरपते, आणि फुगलेल्या फुग्याने स्वरयंत्राच्या हालचालीला अडथळाही होऊ शकतो.

नसेचा संशय घ्यावा तो कवटीच्या तळाला फ्रॅक्चर असेल तेव्हा. नववी, दहावी आणि अकरावी नस एकाच छिद्रातून कवटीबाहेर पडतात आणि बारावीचं छिद्र अगदी शेजारी आहे. त्यामुळे तिथलं एक फ्रॅक्चर तीन-चार नसांना एकदम गाठतं. अकरावी गिळत नाही, पण खांदा उचलता न येणं ही तिची खूण शेजारच्या नसांकडे बोट दाखवते. डोकं मानेवर जिथे टेकतं त्या हाडाच्या फ्रॅक्चरमध्ये नसांची लक्षणं काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसू शकतात. म्हणून 'पहिल्या आठवड्यात तर नीट गिळत होता' यावर विसंबून नव्या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नका.

पायरी पहिली: तोंडाला काहीही लावण्याआधी

माणूस पूर्ण जागा हवा. हाक मारल्यावर डोळे उघडून पुन्हा झोपणारा माणूस जागा नसतो. निदान पंधरा मिनिटं लक्ष देऊन बसू शकतो का, साधी सूचना पाळतो का, आपली लाळ आपण गिळतो का, मुद्दाम खोकू शकतो का, ते बघा. यातलं एकही 'नाही' असेल तर चमचा खाली ठेवा आणि डॉक्टरांना विचारा.

मानेबद्दलही विचारा. डोक्याच्या माराबरोबर मानेच्या मणक्यालाही इजा झालेली असू शकते. मान वळवायला, वाकवायला परवानगी मिळेपर्यंत पुढे सांगितलेली एकही आसनाची युक्ती करायची नाही.

पहिली चाळणी प्रशिक्षित माणसाने करायची. एक प्रचलित पद्धत ९० मिलिलिटर पाणी न थांबता प्यायला लावण्याची आहे. मध्येच थांबावं लागलं, ठसका लागला किंवा नंतर आवाज ओला झाला, तर पुढची तपासणी. घरी आपल्या मनाने ही चाचणी करून बघू नका. ती आधीची जागेपणाची आणि तोंडाची तपासणी झाल्यावरच करतात.

इथे दोन गैरसमज. एक, घशाला चमचा लावल्यावर ओकारीची उबळ येते म्हणजे गिळणं सुरक्षित आहे. तसं नाही. उबळ आणि गिळणं या वेगळ्या प्रतिक्रिया आहेत. उबळ न येणारी धडधाकट माणसंही बिनदिक्कत जेवतात. दुसरा जास्त घातक: ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक. स्वरयंत्राची जाणीव नेणारी दहाव्या नसेची शाखा बधिर झाली असेल, तर पाणी थेट श्वासनलिकेत जातं आणि माणूस शांत बसून राहतो, खोकत नाही, चेहराही बदलत नाही. या मूक प्रकारात घरच्यांना पहिली खबर मिळते ती कधी तापाने, कधी छातीत घरघर ऐकू आल्याने.

म्हणून एक वही ठेवा. काय दिलं, किती दिलं, किती वेळ लागला आणि नंतरच्या तासाभरात काय दिसलं ते लिहा: ओलसर आवाज, डोळ्यांत पाणी, एका घासाला तीनतीनदा गिळणं, नाकातून परत येणं, श्वास वाढणं. जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत असेल तर तेही लिहा. आठवड्याचं वजन आणि रोजचं तापमानही. पुढच्या भेटीत थेरपिस्टला या वहीचा उपयोग तुमच्या आठवणीपेक्षा जास्त होतो.

पायरी दुसरी: आत डोकावणाऱ्या तपासण्या मागा

बाहेरून बघून घशातलं कळत नाही. त्यासाठी दोन तपासण्या आहेत. व्हिडिओफ्लुरोस्कोपीत बेरियम मिसळलेले वेगवेगळ्या दाटपणाचे घोट-घास देऊन एक्स-रेवर हलतं चित्र बघतात, त्यात तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतचा सगळा प्रवास दिसतो. फीज या तपासणीत नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा आणि स्वरतंतू थेट पाहतात. ती खाटेवरही होते, आणि स्वरतंतू हलतोय की नाही हे तिच्यात छान कळतं. मात्र घोट जातो त्या नेमक्या क्षणी कॅमेऱ्यासमोर सगळं झाकलं जातं. कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर असेल तर नाकातून दुर्बीण घालण्याआधी त्याची आठवण करून द्या.

रिपोर्ट हातात घेऊन 'पास की नापास' एवढंच विचारून परत येऊ नका. विचारा: कोणत्या बाजूला अन्न साचतं? श्वासनलिकेत जातं ते गिळण्याआधी, गिळताना की नंतर? गेल्यावर खोकला येतो का? मान वळवल्याने किंवा वाकवल्याने ते थांबतं का? कोणता दाटपणा सगळ्यात सुरक्षित? शेवटच्या दोन प्रश्नांसाठी तर ही तपासणी असते. थेरपिस्ट समोरच आसनं बदलून बघतात. ते केलेलं नसेल तर तपासणीचा अर्धा उपयोग वाया गेला, असं माझं मत आहे.

नळीने अन्न देताना

तोंडाने पुरेसं जात नसेल तर नळी लागते. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. दुखापतीनंतर शरीराला ऊर्जा आणि प्रथिनं जास्त लागतात आणि उपाशी स्नायू सुधारत नाहीत. एक धोका मात्र डोक्याच्या दुखापतीत खास लक्षात ठेवायचा. कवटीच्या तळाला फ्रॅक्चर असताना नाकातून अंदाजाने ढकललेली नळी कवटीत शिरू शकते. अशा वेळी ती तोंडातून घालतात किंवा थेट बघत घालतात. घरी नळी निघून आली तर स्वतः परत घालू नका.

महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ नळी लागेल असं दिसलं तर पोटातून बसवायची पेग नळी सुचवली जाते. घसा मोकळा राहतो, आणि पेग असतानाही सराव म्हणून तोंडाने थोडं देता येतं, थेरपिस्टने परवानगी दिली तर. नळीने देताना आणि दिल्यानंतर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी. नळी आहे म्हणजे न्यूमोनिया होणार नाही, अशी खात्री कोणीच देऊ शकत नाही, कारण लाळ आणि पोटातून वर येणारं अन्न उरतंच.

तोंडाची सफाई, म्हणजे सगळ्यात दुर्लक्षित औषध

दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ज्याला 'तोंडाने काही नाही' असं सांगितलंय तोही ती गिळत असतो, आणि त्यातली थोडी चुकीच्या वाटेला जाते. ती स्वच्छ असेल तर फुफ्फुसं बहुतेक वेळा निभावून नेतात. तिच्यात किडलेल्या दातांचे, पांढऱ्या थराच्या जिभेचे जंतू असतील तर न्यूमोनियाला आमंत्रण. अन्न आत जाणं हे एकटं कारण सहसा पुरेसं नसतं. दुसऱ्याच्या हाताने जेवणं, तोंड साफ करायलाही दुसऱ्यावर अवलंबून असणं आणि किडलेले दात यांचा न्यूमोनियाशी जवळचा संबंध आढळलेला आहे.

दिवसातून निदान दोनदा मऊ ब्रशने दात, हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू साफ करा. फेस कमी होणारी पेस्ट अगदी थोडी वापरा, खळखळून चूळ भरायला लावू नका, ओल्या कापडाने पुसा किंवा सक्शनने (लाळ ओढून घेणाऱ्या यंत्राने) काढा. बसवून किंवा कुशीवर वळवून करा. उताणं झोपवून तोंडात पाणी घालणं म्हणजे टाळायचं तेच हाताने करणं. नळीवर असलेल्याचं तोंड तर दोनाहून जास्त वेळा बघावं लागतं. ते कोरडं पडतं, आणि 'खातच नाही तर घाण कशाने होणार' म्हणून सगळे विसरतात.

पायरी तिसरी: आसन, आणि ते कोणत्या बाजूला

सगळ्या आसनांत माणूस ताठ बसलेला, कंबर मागे टेकलेली, पाय जमिनीवर किंवा पाटावर. जमत नसेल तर खाट शक्य तितकी सरळ करा आणि मान मागे पडू देऊ नका.

घशाची एक बाजू किंवा एक स्वरतंतू दुबळा असेल तर डोकं दुबळ्या बाजूला वळवून गिळायचं. त्याने ती बाजू दबून बंद होते आणि घास चांगल्या बाजूने उतरतो. जीभ किंवा गाल एका बाजूला दुबळे असतील तर डोकं चांगल्या बाजूला झुकवायचं, म्हणजे अन्न त्या बाजूला घरंगळतं आणि चांगली जीभ ते सांभाळते. एकदा 'वळवणं', एकदा 'झुकवणं', आणि दिशा विरुद्ध. इथे घरचे हमखास गोंधळतात. खाटेजवळच्या भिंतीवर बाण काढून चिकटवा आणि सगळ्यांनी तोच पाळा. दोन्ही बिघाड एकत्र असतील तर कोणती युक्ती ते तपासणीतच ठरवून घ्या.

हनुवटी छातीकडे घेऊन गिळणं, हा सगळ्यात लोकप्रिय सल्ला. गिळणं उशिरा सुरू होतं किंवा जिभेचा मागचा भाग पुरेसा मागे जात नाही, अशांना तो उपयोगी पडतो. पण ओठ-जीभ दुबळे असतील तर हनुवटी खाली केली की अन्न पुढून बाहेर येतं. गिळून झाल्यावर घशाच्या खोबणीत अन्न साचून राहत असेल तर मान खाली घालताच ते स्वरयंत्रात सांडू शकतं. डोकं मागे टाकून गिळण्याची युक्तीही आहे, पण ती फक्त जीभ दुबळी आणि श्वासवाटेचं रक्षण पक्कं असलेल्या मोजक्यांसाठी, तीही थेरपिस्टच्या देखरेखीत.

पायरी चौथी: दाटपणा

पेयं आणि पदार्थ किती दाट, किती मऊ, हे मोजण्यासाठी इड्सी नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. ० ते ७ अशा पातळ्या: पेयांसाठी ० ते ४, पदार्थांसाठी ३ ते ७. 'जरा दाट' हे शब्द प्रत्येकाच्या हातात वेगळे निघतात, आकडा तसा निघत नाही.

पेय मोजायला १० मिलिलिटरची सिरिंज पुरते. फक्त तिची शून्यापासून १० पर्यंतची लांबी ६१.५ मिलिमीटर हवी, कारण सगळ्या सिरिंज सारख्या नसतात. दट्ट्या काढा, टोकावर बोट ठेवा, १० मिलिलिटरपर्यंत भरा, बोट काढून १० सेकंद जाऊ द्या, पुन्हा बोट लावा. आत १ मिलिलिटरपेक्षा कमी उरलं तर पातळी ०, १ ते ४ उरलं तर १, ४ ते ८ उरलं तर २, आठाहून जास्त उरून थोडं गळत राहिलं तर ३, काहीच गळलं नाही तर ४. ज्या तापमानाला प्यायला देणार त्याच तापमानाला मोजा. मोठ्या माणसांसाठी पदार्थांत पातळी ५ म्हणजे ४ मिलिमीटरपर्यंतचे ओलसर मऊ कण आणि पातळी ६ म्हणजे दीड सेंटिमीटरपर्यंतचे मऊ तुकडे. साध्या काट्याच्या दातांमधली फट सुमारे ४ मिलिमीटर असते, त्यावरून अंदाज येतो.

आता या बाबतीतली दुसरी बाजू. पाणी पटकन वाहतं, म्हणून गिळणं उशिरा सुरू होणाऱ्याला ते अवघड जातं आणि दाट केल्याने वेळ मिळतो. पण ज्याचा घसा दुबळा आहे, रेटा कमी आहे, त्याच्या घशात दाट पेय जास्त साचून राहतं. फक्त जीभ दुबळी आणि घसा चांगला असेल तर पातळच सोपं. शिवाय दाट पाणी कुणालाच आवडत नाही; माणूस कमी पितो आणि शरीरातलं पाणी कमी होतं. लघवी गडद आणि कमी होऊ लागली तर थेरपिस्टशी बोला. काही ठिकाणी तोंड स्वच्छ करून, जेवणानंतर अर्धा तास उलटल्यावर साधं पाणी देण्याची पद्धत निवडक रुग्णांसाठी वापरतात. ती लागू पडेल का, असं विचारायला हरकत नाही.

थिकनर, म्हणजे पेय दाट करायची पूड, स्टार्चचं असेल तर लाळेने ते पातळ होतं आणि ठेवून दिलं तर दाट होत जातं. झँथन गमचं थिकनर त्यामानाने स्थिर राहतं. मॅक्रोगॉल हे पोट साफ होण्याचं औषध स्टार्चच्या थिकनरमध्ये मिसळलं की पेय एकदम पातळ होतं. ते देत असाल तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

अर्धं पातळ, अर्धं घट्ट असे पदार्थ सगळ्यात फसवे. सूपातले भाजीचे तुकडे चावेपर्यंत पाणी घशात उतरलेलं असतं. भुगा होणारं, चिकट, कोरडं, तेही टाळा.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष भरवणं

टीव्ही बंद, गप्पा बंद. भरवणाऱ्याने समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसावं. उभं राहून भरवलं की माणूस वर बघतो आणि मान मागे जाते. लहान चमचा, अर्धा भरलेला. घास चांगल्या बाजूला, जिभेवर. चेहऱ्याला लकवा असेल तर ओठाचा दुबळा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरा. घास दिल्यावर कंठाची घाटी वर जाऊन खाली आलेली दिसेपर्यंत थांबा, मग एकदा कोरडं गिळायला सांगा, मग 'आ' म्हणायला लावा. आवाज ओलसर आला तर खोकायला सांगून पुन्हा गिळायला लावा. पुढचा घास त्यानंतर. उतावळ्या माणसाच्या हातात पूर्ण ताट देऊ नका, एका वेळी एकच वाटी. पेला अर्धा झाल्यावर डोकं मागे झुकवावं लागतं, म्हणून नाकासाठी खाच असलेला पेला वापरा. स्ट्रॉ द्यावा की नाही, हे ज्याचं त्याचं वेगळं.

थकवा आला की थांबा, ताट संपलेलं नसलं तरी. शेवटचे घास सगळ्यात धोक्याचे. दिवसातून तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान वेळा सोप्या जातात. संपल्यावर गालात बोट किंवा ओला स्पंज फिरवून तोंड साफ करा आणि अर्धा तास बसवून ठेवा.

ठसका लागला की आपला हात आपोआप पाण्याच्या पेल्याकडे जातो. ती सवय मोडा. ज्याला पातळ जमत नाही त्याला ठसक्यात पाणी देणं म्हणजे भर घालणं. पुढे वाकवा, खोकू द्या, श्वास शांत होईपर्यंत काही देऊ नका.

व्यायाम, आणि काय करू नये

पूर्ण तुटलेल्या नसेच्या स्नायूला व्यायामाने ताकद येत नाही. व्यायाम उरलेल्या धाग्यांसाठी आणि चांगल्या बाजूसाठी असतो. सगळा जोर लावून गिळणं. गिळताना घाटी वर गेली की दोन-तीन सेकंद तिथेच धरणं. जिभेचं टोक दातांत हलकं धरून गिळणं (हा शेवटचा फक्त कोरड्या गिळण्याने, अन्नाबरोबर कधीही नाही). श्वास रोखून गिळायचं आणि श्वास घेण्याआधी खोकायचं, ही युक्ती स्वरतंतू दुबळा असणाऱ्यांना उपयोगी, पण श्वास रोखल्याने छातीवर आणि डोक्यात ताण वाढतो. हृदयविकार असेल किंवा मेंदूतला दाब वाढलेला असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाही.

शेकर व्यायामात उताणं झोपून, खांदे न उचलता, फक्त डोकं उचलून पायांच्या बोटांकडे बघायचं: ६० सेकंद धरून ६० सेकंद विश्रांती असं तीनदा, मग न धरता ३० वेळा, दिवसातून तीनदा, सहा आठवडे. याने अन्ननलिकेचं दार उघडायला मदत होते. मानेच्या मणक्याला इजा असेल किंवा गळ्यात ट्रेकिऑस्टॉमी असेल त्याने तो करू नये, आणि आपल्या विषयातल्या अनेकांना हेच लागू असतं. त्यांना बसून हनुवटीखाली चेंडू दाबण्याचा व्यायाम थेरपिस्ट देऊ शकतात, पण मानेची परवानगी त्यालाही लागते.

औषधं गिळताना

गोळी कुटून देण्याआधी फार्मासिस्टला विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या आणि आम्लरोधक आवरणाच्या गोळ्या कुटल्या तर एकदम जास्त डोस जातो किंवा औषध पोटातच नष्ट होतं. डोक्याच्या दुखापतीत फिटचं औषध अनेकांना चालू असतं. त्याचं द्रवरूप मिळतं का ते विचारा, आणि ते द्रव किती पातळ आहे हेही बघा. गुंगी आणणारं औषध जेवणाच्या वेळेवर येत असेल तर वेळ बदलून मागा.

ताबडतोब डॉक्टरांकडे न्यायचं कधी

ताप, श्वासाचा वेग वाढणं, घरघर, ओठ निळसर दिसणं, नव्याने गुंगी. आणि एक खास खूण: न जेवताही, विशेषतः पुढे वाकल्यावर, नाकातून पाण्यासारखं स्वच्छ द्रव गळणं. जेवताना नाकातून परत येणारं पाणी टाळू दुबळा असल्याचं असतं. न जेवता गळणारं हे द्रव मात्र मेंदूभोवतीचं असू शकतं आणि त्यातून मेंदूला संसर्ग होण्याचा धोका असतो.

घास अडकून माणूस बोलू किंवा खोकू शकत नसेल तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच आत-वर धक्के, आळीपाळीने. बेशुद्ध झाला तर मदत बोलावून छातीवर दाब देणं सुरू करा. न दिसणाऱ्या घासासाठी तोंडात बोट घालू नका, तो आणखी आत जातो. ही कृती वाचून नव्हे, एकदा कुणाकडून प्रत्यक्ष शिकून ठेवा.

किती दिवस, आणि नस परत आलीच नाही तर

नस नुसती दबली किंवा ताणली गेली असेल तर आठवड्यांत, काही महिन्यांत काम परत येतं. आतले धागे तुटून आवरण शिल्लक असेल तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतात, म्हणजे लांब नसेला बरेच महिने. पूर्ण तुटलेली नस आपोआप सहसा जुळत नाही. वाढणारे धागे कधी चुकीच्या स्नायूला जोडले जातात आणि चावताना किंवा हसताना डोळा मिटू लागतो. त्याने घाबरून जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

मिटत नसलेल्या स्वरतंतूसाठी वाट बघायची गरज नेहमीच नसते. काही महिन्यांत विरघळणारं जेल टोचून तो मध्यरेषेकडे सरकवता येतो. आवाज सुधारतो आणि खोकल्याला जोर येतो. सहा महिने ते वर्षभरात सुधारणा दिसली नाही तर कायमची शस्त्रक्रिया विचारात घेतात. अन्ननलिकेचं दार उघडत नसेल तर फुग्याने रुंद करणं, स्नायू सैल करणारं बोटुलिनमचं इंजेक्शन किंवा स्नायू छेदणं हे पर्याय आहेत. गळ्याला पट्ट्या लावून विजेचे सौम्य झटके देणाऱ्या उपचारांचे निकाल संमिश्र आहेत. करायचे तर व्यायामाच्या जोडीला, त्याऐवजी नाही.

नळी काढायची घाई करू नका. पाणी आणि औषधांसह सगळं पोषण काही आठवडे तोंडाने जातंय, वजन स्थिर आहे, छाती स्वच्छ आहे, जेवण आवाक्यातल्या वेळात होतंय, असं वहीत दिसलं की थेरपिस्टशी बोला. काही जण दिवसा तोंडाने आणि रात्री नळीने असे बरेच दिवस काढतात, आणि दाटपणाची पातळी एकेक करून बदलत जाते. पातळी बदलली की पहिले काही दिवस वहीतलं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहा आणि ते चढलं तर आधीच्या पातळीवर परत जा.